ऊनचोरीचा पंचनामा

दोंडाईचा संपलं की रस्ता संपतो
आणि काच सुरू होते.
अठ्ठेचाळीस गावांची शिवारं, मध्ये बांध नाही, बोर नाही,
नुसत्या निळ्या पाट्या, सूर्याबरोबर मान फिरवणाऱ्या.
जिथे मिरचीचे लाल पट्टे वाळायचे
तिथे रात्री पुसणारी यंत्रं रांगतात.
आमच्या पोरांनी लाल रंग पाहिलाय
तो फक्त फाटकावरच्या दिव्यात.

कायदा साधा आहे.
वरून पडतं ते ऊन महामंडळाचं.
मध्ये येईल तो चोर.
माणसाची सावली दीड हातापर्यंत माफ,
त्यापुढे वीतभर सावलीला दिवसाची मजुरी.
म्हणून आम्ही भर बाराला बाहेर पडतो,
एकावन्न अंशांत, सावली टाचेखाली दाबून.
लग्न बाराला. मयत बाराला.
सकाळी हवा जरा बरी असते
पण सकाळी सावल्या लांब असतात.
उंच पोरांना मुली मिळत नाहीत.
माझी आई कमरेत वाकली
त्या महिन्यात तिची पट्टी निम्मी झाली,
तिने पेढे वाटले.

मी निंबा धुडकू ईशी,
सावलीमोजणीदार, वर्ग तीन.
जवळ एक फीत आणि एक डबा.
डबा ऐकतो, डबा लिहितो.
त्याला कचेरीतली भाषा येते, घरातली नाही.

मंगळवारी वरून खूण आली:
जुन्या जिनिंगच्या भिंतीमागे
साडेसात हात ऊन कमी पडतंय.

गेलो.
भिंतीच्या सावलीची पट्टी भरलेली, पावतीसकट.
तिच्या आत, चोराच्या पोटी चोर,
एक निंब दहा वर्षं मुकाट वाढला होता
आणि यंदा भिंतीवरून डोकावला होता.
चार पानं. एवढाच गुन्हा.

खाली कोकिळाबाई.
अर्धी खाट सावलीत, अर्धी उन्हात,
उन्हातल्या अर्ध्यावर बिबड्या.
म्हणजे कलम दोनही लागत होतं,
विनापरवाना वाळवण.

डब्याने विचारलं, सावलीचा मालक कोण?
तो कधी खाकरत नाही, म्हणून त्याची भीती वाटते.
तिने बिबडी उलटवली.
"मनी नही रे भाऊ. निंबनी शे."

डबा घुटमळला.
निंबनी हा शब्द त्याच्या कोशात नव्हता,
निंबा होता.
मग त्याने लिहिलं:
मालक, निंबा धुडकू ईशी.
शिक्षा, तीन वर्षं दिवेघर,
जिथे भिंती, छत, फरशी सगळं पेटतं असतं
आणि माणसाला सावलीच पडत नाही.
दुरुस्ती असल्यास पंधरा सेकंदांत बोला.

बोलायला हवं होतं.
म्हणायला हवं होतं, साहेब, निंब म्हणजे झाड,
आणि मग उद्या करवत आली असती.
मला आठवलं, आधीची तीन पोरं गेली
तेव्हा बापाने मला निंबाच्या पाल्यावर निजवलं होतं.
नाव कडू ठेवलं की कोणी नेत नाही म्हणे.
मी फीत गुंडाळत राहिलो,
गुंडाळलेली पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळली.

डबा म्हणाला, मान्य धरण्यात येत आहे.

म्हातारीला यातलं काहीच कळलं नाही.
की कळलं होतं?
"कोना पोऱ्या शे तू?"
"धुडकूना."
"मिरचीवाला धुडकू?" ती सरकली. "बस मंग. ऊन शे."

बसलो.
दोन वाजायला आले होते, एव्हाना माझी सावली
दीड हाताच्या पुढे जायला हवी होती.
शोधली. सापडेना.
झाडाच्या सावलीत माणसाची वेगळी मोजता येत नाही,
हे सोळा वर्षांत खात्यात कोणी सांगितलं नव्हतं.

दूर काचांनी एकदम मान वळवली.
गाडी निघाली असेल नरडाण्याहून.
कोकिळाबाईने एक बिबडी बोटाने दाबून पाहिली,
एका अंगाने अजून ओली होती.
तिने ती उन्हात ढकलली.